उपासाची गोळी

औषध कसं घ्यायचं हे लोकांना सांगायचाच मला पगार मिळतो. मलकापुरात सर्व्हिस रोडला लागून असलेल्या एका मेडिकलमध्ये सोळा वर्षं झाली मी काउंटरला उभी आहे. डी.फार्म. रीतसर पास झालेली, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलेलं. डॉक्टर दोन मिनिटांत पेशंट बाहेर काढतात आणि कागद हातात घेऊन भांबावलेला माणूस माझ्यापुढं येतो. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली जेवून, कुठली दुधाबरोबर अजिबात नाही, हे मी एकेकाला दोन-दोनदा सांगते. न ऐकता पिशवीत कोंबून निघालेल्याला रस्त्यावरून परत बोलावते. जिभेला धार आहे बाईच्या, असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत.

तर मी माझ्या आईला एक गोळी कशी घ्यायची ते सांगितलं. तिनं मी सांगितलं तशीच घेतली, आणि ती मरता मरता वाचली. आज भावकीत कुणालाही विचारा, म्हातारी अडाणी, तिनं औषधाचा घोळ केला, असंच सांगतील. घोळ माझा आहे. तोंडानं हे कुणाला सांगायचं धाडस झालं नाही म्हणून लिहायला बसलेय.

आई कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावी असते, माझ्या भावाकडं. भावाची द्राक्षाची बाग आहे. चार वर्षांपूर्वी आईचे हात धरले. सकाळी उठली की बोटं उघडायची नाहीत, सांधे सुजून लाल व्हायचे. पहिलं वर्ष सगळ्यांनी वाताचं तेल चोळण्यात घालवलं. मग मीच भांडून तिला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हा साधा वात नव्हे, आमवात आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. आणि त्यांनी मेथोट्रेक्झेट चालू केलं.

ही गोळी आम्हा मेडिकलवाल्यांना चांगली ठाऊक असते. मूळची कॅन्सरची. आमवाताला अगदी थोडी देतात, आठवड्यातून एकदा, फक्त एकदा. रोज घेतली तर हाडांच्या मगजात रक्त तयार व्हायचंच थांबतं. तोंडाचं, आतड्याचं अस्तर सोलून निघतं. म्हणून आम्ही पाकिटावर लाल पेनानं वार लिहितो, त्याला गोल करतो, आणि गिऱ्हाइकाला चारच गोळ्या कापून देतो, महिन्याच्या. जास्त द्यायच्याच नाहीत. घरात जास्त असल्या तर माणूस जास्त घेतो, हे मी स्वतः दुकानातल्या नव्या पोरींना शिकवलंय.

आईसाठी मात्र मी दहाची अख्खी पट्टी घेऊन गेले. घरचंच माणूस, कशाला सारखं चार-चार पोचवत बसायचं. एसटीनं गावी जायला माझा अख्खा दिवस मोडतो.

आणि मी तिला वार सांगितला नाही. इथं माझं शहाणपण आडवं आलं. मला वाटायचं, खेड्यात बाईला वार कुठं लक्षात राहतो. बागेत छाटणी चालू असली की सोमवार काय आणि गुरुवार काय. पण उपास ती विसरत नाही. आई लग्नाआधीपासून सोमवार धरते. ताप असो, घरात कार्य असो, सोमवारी तिच्या तोंडात अन्नाचा कण जात नाही. म्हणून मी तिला म्हणाले, “हे बघ आई, ही पिवळी गोळी फक्त उपासाच्या दिवशी. आणि ही दुसरी, फॉलिक अ‍ॅसिडची, ती उपास सोडून बाकीच्या दिवशी. उपासाला पिवळी, एरवी दुसरी. बास.”

तिला ते फार आवडलं. माझ्या लेकीनं किती सोपं करून दिलं, असं तिनं गल्लीभर सांगितलं. पिवळीला ती उपासाची गोळीच म्हणायला लागली. मीही इतकी फुशारले की दुकानात दोन-तीन बायकांना हेच सूत्र चिकटवून दिलं. एका मुसलमान काकूंना मात्र तेव्हा सांगितलं होतं, जुम्म्याला घ्या. त्यांचं आजतागायत काही चुकलं नाही, कारण त्यांना मी सरळ वार सांगितला होता.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आईचे हात उघडले. मूठ वळायला लागली, पिळून धुणं वाळत घालायला लागली, आणि एके दिवशी तिनं परातीत भाकरी थापून मला फोन केला. रडत होती. तीन वर्षांनी स्वतःच्या हातची भाकरी खाल्ली म्हणाली. मीही काउंटरच्या मागं वाकून डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

आता हात बरे झाले ते गोळीनं, हे मला ठाऊक, तिलाही ठाऊक. पण तिनं देवीलाही सांगून ठेवलं होतं. हात सुटू देत, नऊ दिवसांचा उपास करीन. एरवी ती नवरात्रात उठता-बसता धरायची, म्हणजे घट बसतात तो दिवस आणि उठतात तो दिवस, दोनच. त्या वर्षी तिनं पुरे नऊ धरले. मला सांगूनच धरले. मी म्हणाले, कर, पण पाणी भरपूर पी. डोक्यात एवढाही विचार आला नाही की नऊ दिवसांचा उपास म्हणजे उपासाचे नऊ दिवस. सोळा वर्षं काउंटरला उभी असलेली मी. कप्पाळ माझं.

आईचा हिशोब सरळ होता. उपास आहे, म्हणजे पिवळी गोळी. उपास आहे, म्हणजे दुसरी नाही. पहिल्या माळेला तिनं आंघोळ केली, घटाला पाणी घातलं, दिव्यात तेल सोडलं आणि गोळी घेतली. दुसऱ्या माळेलाही. तिसऱ्या माळेलाही. जी गोळी आठवड्याला एक, ती रोज. आणि तिचा त्रास कमी करणारी जी फॉलिक अ‍ॅसिडची, ती बंद. पोटात केळं, रताळं आणि कपभर दूध.

चौथ्या का पाचव्या माळेला संध्याकाळी मी तिला फोन केला. व्हायरलचे दिवस, काउंटरला ही गर्दी. फोन कान आणि खांद्यात धरून मी कुणाचं तरी सिरप शोधत होते. गोळ्या वेळेवर घेतेस ना, असं मी विचारलं. सवयीनं विचारलं, जसं दिवसाला शंभर जणांना विचारते.

ती म्हणाली, “व्हय, घेते की. उपासाची रोज घेते, आन् दुसरी बंद ठिवलीया.”

मी म्हणाले, बरं बरं, पाणी पीत जा, आणि फोन ठेवला.

तिनं स्पष्ट सांगितलं होतं. रेंज गेली नव्हती, आवाज तुटला नव्हता. शब्द न् शब्द माझ्या कानावर पडला, आणि माझ्या हातात कुणाचं तरी खोकल्याचं सिरप होतं. अनोळखी माणसाच्या पोरानं सिरप बरोबर घ्यावं म्हणून मी त्या माणसाला चमचा आणि झाकणातला फरक समजावत बसले. आईचं वाक्य तिथंच पडून राहिलं.

सातव्या माळेला तिच्या तोंडात फोड आले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, उपासाची उष्णता, गुलकंद खा, सब्जा भिजवून पी. माझी वहिनी मला फोनवर म्हणाली की आत्यांना पाणीसुद्धा झोंबतंय, उपास सोडायला सांगा. आईला ती आत्या म्हणते. मी आईला समजावलं, पण ती ऐकेना. दोनच दिवस राहिलेत, देवीला शब्द दिलाय, म्हणाली. त्याही फोनवर मी गोळीचं विचारलं नाही. मीही उष्णताच म्हणाले. व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवते म्हणाले. गंमत बघा, दुकानात कुणी बाई मेथोट्रेक्झेट घेते आणि तोंड आलंय म्हणत आली असती, तर मी तिला एक गोळीसुद्धा न देता रिक्षात बसवून डॉक्टरकडं पाठवलं असतं. आईच्या बाबतीत माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

घट उठले, तिनं उपास सोडला तो दोन घास पातळ भातावर. त्याच दिवशी ताप भरला. गावातल्या डॉक्टरनं अंगदुखीचं इंजेक्शन दिलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. आधी काय चालू आहे हे विचारलं नाही. या गोळीवर असली दुखण्याची औषधं म्हणजे आणखी भर. पुढं दोन दिवस मी त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडली. फार बरं वाटलं मला तेव्हा, शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं म्हणून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावी पोचले. आई सोप्यात गोधडीवर पडलेली. ओठ फाटून काळे पडलेले, कोपऱ्यातून रक्त येत होतं. मला बघून हसायला गेली तर हिरड्या लाल. मी तिचा पाय उघडा केला. पिंढरीवर जांभळे ठिपके, कुणी शाई शिंपडावी तसे. कंबरेला हाताएवढा काळानिळा डाग, कुठं पडली नाही, आपटली नाही. हे ठिपके मी पुस्तकात वाचलेले. प्लेटलेट संपल्या की येतात.

मी वहिनीला गोळ्यांचा डबा मागितला. आई रिकामी पट्टीही टाकत नाही, मला नाव दाखवायला म्हणून ठेवते. पिवळ्या गोळ्यांची पट्टी डब्यात सगळ्यात वर होती. दहा कप्पे, दहाही फोडलेले. दहा आठवड्यांचं औषध. नवरात्राआधीच्या सोमवारी एक, आणि मग नऊ माळा, नऊ गोळ्या.

वहिनीनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, गाडी बोलवा.

मिरजेच्या हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिथल्या डॉक्टरणीनं तो दोनदा वाचला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, प्लेटलेट तळाला, किडनीवर ताण. आईला वेगळ्या खोलीत ठेवलं, बाहेर चपला, तोंडाला मास्क, फुलं-फळं बंद. पेशी नसलेल्या माणसाला साधी सर्दीसुद्धा घेऊन जाते. फोलिनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन लागत होतं, ते या गोळीवर उतारा. मी सांगलीतले चार होलसेलवाले फोनवर हलवले आणि दोन तासांत ते मिळवलं. नातेवाईक म्हणाले, पोरगी मेडिकलमध्ये आहे म्हणून निभावलं. मी मान हलवली. शरमही वाटेना अशी ती वेळ होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण कागद भरायला आली. खोलीत मी होते, दारात माझा भाऊ. तिनं आईला विचारलं, “मावशी, ही गोळी रोज घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मी नेमके शब्द जुळवत होते, ‘तसं नव्हतं, असं म्हणायचं होतं मला’, वगैरे. तेवढ्यात आई बोलली. जीभ सोललेली, एकेक अक्षर तिला जड जात होतं.

“कुणीबी न्हाई सांगितलं. माझंच चुकलं. अडाणी हाय मी.”

आई सातवी शिकलेली आहे. पेपर वाचते. नवनाथांची पोथी मोठ्यानं वाचून दाखवते, बायका ऐकायला येतात. सोसायटीच्या नोटिसा भावाला तीच वाचून सांगायची. तिनं त्या दिवसापर्यंत स्वतःला कधी अडाणी म्हणवून घेतलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

डॉक्टरणीनं लिहून घेतलं. दारातून भाऊ म्हणाला, आई, अगं जरा अक्कल लावायचीस, लेकीला एक फोन करायचास. आई भिंतीकडं बघत राहिली. मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

पुढचे पंधरा दिवस काय सांगायचे. रक्त चढवलं, प्लेटलेट चढवल्या, पेशी वाढायची इंजेक्शनं दिली. केसाचे पुंजके उशीवर यायचे, मी ते गोळा करून पिशवीत भरायचे. घशाखाली पाणी उतरत नव्हतं. रोज सकाळी रिपोर्ट यायचा आणि तो आकडा बघेपर्यंत भाऊ जिन्यात बसून राहायचा. अकराव्या दिवशी पेशी वर सरकल्या. डॉक्टरीण म्हणाली, आता मावशी निघतील यातून. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओक्साबोक्शी रडले.

भेटायला येणारे काचेतून बघायचे आणि बाहेर बाकड्यावर बसून अक्कल पाजळायचे. कुणी म्हणालं देवीचं काहीतरी राहिलं असणार. आटपाडीची आमची मावशी म्हणाली, असल्या माणसांच्या हातात जहाल औषध द्यायचंच नाही, शिकल्या-सवरलेल्या माणसाच्या ताब्यात ठेवायचं. असं म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं. मी म्हणाले, हो ना मावशी. हे शब्द माझ्या तोंडून आले. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

घरी न्यायच्या आदल्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी आईला म्हणाले की दादाला सांगते मी, हे सगळं माझ्यामुळं झालं. तिनं डोळे उघडले.

“गप बस. तुझ्या हातनं लोकं औषध न्येत्यात. कळलं तर कोण यील तुझ्याकडं? म्या म्हातारीनं काय, अडाणी म्हणून घ्येतलं तर माझं काय झिजतंय?”

मी तिचा हात धरला. तिला झोप लागली. आणि मी सुटल्यासारखी झाले. हीच लाज मला सगळ्यात जास्त आहे. तिनं गप बस म्हटलं आणि मी लगेच गप बसले, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मलकापूरला परतल्यावर पहिलं काम केलं ते त्या दोन-तीन बायकांना शोधून वार सांगायचं. एकीनं नवरात्र धरलंच नव्हतं, बाकीच्या उठता-बसता करणाऱ्या, त्यांच्या दोनच गोळ्या गेल्या, निभावल्या. का विचारता, असं त्यांनी विचारलं. नवीन नियम आलाय, असं मी सांगितलं. खोटं बोलायला मला आता काही लागत नव्हतं.

ती गोळी आईला कायमची बंद झाली. दुसरं औषध सुरू करायचं तर आधी रक्त पुरतं सावरू दे, असं डॉक्टर म्हणाले. तोवर बोटं पुन्हा आखडली, मनगटं सुजली. भाकरी पुन्हा वहिनीच थापते. संक्रांतीनंतर मी दोन दिवस सुट्टी काढून गावी गेले. थंडीत आईचे सांधे फार ठणकत होते. मी साधी पॅरासिटामॉल नेली होती, लहान पोरांना देतात ती. एक गोळी फोडून तिच्या तळहातावर ठेवली, पट्टी शेजारी ठेवली, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

ती म्हणाली, “ठिव. घ्येते मी. तू जा, चहा घे आत जाऊन.”

मी आत गेले. चहाचं आधण ठेवलेलं होतं. वहिनी गोठ्यातून आली, तिला आईनं हाक मारली. दाराला पडदा होता, मी अलीकडं कपात चहा गाळत होते.

आई हळू आवाजात तिला विचारत होती, ही गोळी कशाची हाय गं, जरा वाचून सांग. वहिनी दहावी नापास आहे, इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचते. तिनं पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं. अंगदुखीची हाय आत्या, आपल्या डब्यात हाय तीच, ताईंनी आणलीय न्हवं, घ्या की, म्हणाली.

तांब्या जमिनीवर सरकल्याचा आवाज आला.

“मग ही र्‍हाऊ दे. डब्यातली तूच काढ एक, आन् तुझ्या हातानं दे,” ती म्हणाली.

डब्याचं झाकण निघालं. पट्टी फुटल्याचा आवाज मला ओळखू येतो, सोळा वर्षं तोच ऐकतेय. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आई पदरानं तोंड पुसत होती. घेतली बघ तुझी गोळी, असं ती मला म्हणाली. मी म्हणाले, बरं केलंस, आणि तिच्याजवळ बसून चहा प्याले.